मानसोपचार आणि मानसशास्त्रज्ञ

मानसिक विकारांनी वा भावनिक अडचणींनी त्रस्त झालेल्या व्यक्तीची पीडा, औषधे किंवा शस्त्रक्रिया यांचा आश्रय न घेता, संभाषण, उपचारक व उपचारार्थी यांच्यातील विश्वासाचा संबंध आणि वर्तनाचा नियोजित सराव यांच्या द्वारा कमी करण्याच्या व तिची जीवनक्षमता वाढविण्याच्या पद्धतींना मानसोपचार अशी व्यापक संज्ञा आहे. मराठीत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द सरसकट वापरला जातो. वैद्यकाची पदवी घेतलेला मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ या दोघांनाही तो लावण्यात येतो. या दोघांत भेद आहे. भारतात औषधे लिहून देण्याचा अधिकार पहिल्यास आहे, दुसऱ्यास नाही. दुसऱ्याचे साधन म्हणजे संभाषण, निरीक्षण, मानसशास्त्रीय कसोट्या व सराव. आज मानसशास्त्रज्ञाने उपचार करावेत यात कोणास नवल वाटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी याच कारणास्तव एका मानसशास्त्रज्ञावर व्हिएन्ना शहरात भोंदू वैद्यकीचा आरोप ठेवण्यात आला होता. आधुनिक मानसोपचाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी दोन प्रश्नांचा इतिहास आहे : उपचार करण्याचा अधिकार कोणाचा, आणि उपचाराने खरोखर गुण आला हे कशावरून ठरवावयाचे.

पूर्वपीठिका : मनाच्या विकारांवर शब्दांनी व विधींनी उपाय करण्याची प्रथा सर्वच समाजांत प्राचीन काळापासून आढळते. मांत्रिक, देवऋषी, धर्मगुरू, वैद्य यांच्या उपायांत धीर देणे, मनातील शल्य बोलते करणे, नातलगांना सोबत घेणे हे घटक असत व आजही असतात. अशा उपायांची पद्धतशीर परीक्षा घेण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न १७८४ मध्ये पॅरिस येथे झाला. फ्रांट्स मेस्मर (१७३४–१८१५) या वैद्याने ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाच्या अदृश्य द्रवाने रोग बरे होतात असा दावा केला होता. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगात बेंजामिन फ्रँक्लिन व रसायनशास्त्रज्ञ लव्हॉयझर हे होते. फ्रँक्लिनच्या बागेतील एका झाडास चुंबकत्व देऊन, डोळे बांधलेल्या मुलास निरनिराळ्या झाडांजवळ नेण्यात आले. तो भलत्याच झाडापाशी मूर्च्छित झाला. परिणाम द्रवाचा नसून कल्पनेचा आहे, असा आयोगाने निष्कर्ष काढला. मेस्मरचा दावा त्यामुळे संपला. परंतु केवळ कल्पनेने मनुष्य मूर्च्छित होऊ शकतो ही गोष्ट स्वतःच अभ्यासार्ह आहे, याकडे आयोगाने पुरेसे लक्ष दिले नाही. ते काम पुढे जेम्स ब्रेड, शार्को व बेर्नहाइम या एकोणिसाव्या शतकातील वैद्यांनी संमोहनाच्या अभ्यासातून केले.

संभाषणोपचार : व्हिएन्नातील नामांकित वैद्य योझेफ ब्रॉयर (१८४२–१९२५) यांनी १८८०–८२ या काळात उन्मादाने पीडित अशा एका तरुणीवर उपचार केले. वैद्यकीय वाङ्‌मयात ती ‘अ‍ॅना ओ.’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिचे खरे नाव बेर्टा पापेनहाइम (१८५९–१९३६). हातपाय लुळे पडणे, दृष्टिदोष, मातृभाषेचा काही काळ विसर पडणे अशी तिची लक्षणे होती. एखादे लक्षण पहिल्यांदा उद्‌भवले तो प्रसंग संमोहित अवस्थेत आठवून तिने भावनेसह सांगितला, की ते लक्षण ओसरते, असे ब्रॉयर यांना दिसून आले. या पद्धतीला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव उपचारकाने दिलेले नाही. ते त्या तरुणीनेच दिले. ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी १८९५ मध्ये उन्मादावरील आपल्या ग्रंथात ही हकीकत प्रसिद्ध केली. तीत उपचार यशस्वी झाल्याचे चित्र आहे. पुढे संशोधकांना सापडलेल्या कागदपत्रांवरून मात्र उपचार थांबल्यानंतर तिला आरोग्यधामात ठेवावे लागले होते, असे आढळून आले. मानसोपचाराच्या आद्य हकीकतीतच यशाचा दावा पुराव्याहून मोठा होता, ही गोष्ट पुढील वादांच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बेर्टा पापेनहाइम नंतर जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या चळवळीच्या अग्रणी झाल्या, त्याचे श्रेय उपचारास देण्याचे कारण नाही.

फ्रॉइड यांनी संमोहन सोडून दिले व मुक्त साहचर्याची पद्धत स्वीकारली. रुग्णाने कोचावर पडून मनात जे येईल ते, निवड न करता, क्षुल्लक वा लाजिरवाणे म्हणून न गाळता बोलावयाचे आणि विश्लेषकाने त्यातील अबोध मनाचे धागे शोधावयाचे, असे तिचे स्वरूप होते. आईवडिलांविषयीच्या जुन्या भावना रुग्ण नकळत विश्लेषकावर आरोपित करतो, या भावसंक्रमणाच्या घटनेस त्यांनी उपचाराचे मुख्य साधन बनविले. आठवड्यातून पाचसहा तास, वर्षानुवर्षे चालणारा हा उपचार खर्चिक होता व तो मोजक्यांनाच परवडे.

मानसशास्त्राचा प्रवेश : मानसशास्त्र हे स्वतंत्र प्रायोगिक शास्त्र म्हणून व्हिल्हेल्म व्हुंट यांच्या लाइपसिक येथील प्रयोगशाळेपासून (१८७९) ओळखले जाते. संवेदना व प्रतिक्रियाकाल यांची मापने हा त्याचा विषय होता; दुःखी माणसाशी त्याचा संबंध नव्हता. व्हुंट यांचा अमेरिकन शिष्य लाइटनर विटमर (१८६७–१९५६) याने हा संबंध जोडला. शुद्धलेखनात वारंवार अडखळणाऱ्या एका मुलास त्याच्या शिक्षिकेने विटमरकडे आणले, आणि त्यातूनच १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय निघाले. ‘चिकित्सालयीन मानसशास्त्र’ ही संज्ञाही विटमरचीच होय. १९०५ मध्ये आल्फ्रेद बीने यांची बुद्धिमापन कसोटी आली आणि पुढील जवळजवळ चाळीस वर्षे चिकित्सालयातील मानसशास्त्रज्ञाचे काम ठरून गेले : त्याने कसोट्या घ्याव्यात, अहवाल लिहावा, आणि उपचार वैद्याने करावेत.

थिओडोर राइक यांचा खटला : या वाटणीला पहिला मोठा धक्का मनोविश्लेषकांच्या वर्तुळातूनच बसला. थिओडोर राइक (१८८८–१९६९) यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. फ्रॉइड यांच्या प्रोत्साहनाने ते मनोविश्लेषणाचा व्यवसाय करीत. १९२६ मध्ये त्यांच्या एका रुग्णाने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली. पदवीवाचून रोग्यांवर उपचार करणे हा ऑस्ट्रियन कायद्याने भोंदू वैद्यकीचा गुन्हा होता. खटला अखेर पुढे चालला नाही. तथापि फ्रॉइड यांनी त्याच वर्षी वैद्येतरांच्या विश्लेषणाचा प्रश्न या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. एका काल्पनिक तटस्थ श्रोत्याशी केलेल्या संवादाचे रूप त्याला दिलेले आहे.

त्यातील युक्तिवाद आजही वाचनीय आहे. फ्रॉइड यांच्या मते भोंदू म्हणजे पदवी नसलेला नव्हे. आवश्यक ज्ञान व प्रशिक्षण यांवाचून उपचार करणारा तो भोंदू. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना, जीवरसायन व रोगविज्ञान शिकवितात, परंतु अबोध मनाविषयी काहीच शिकवीत नाहीत. तेव्हा प्रशिक्षण न घेता विश्लेषण करू पाहणारा वैद्यच या व्याख्येने भोंदू ठरतो. विश्लेषकाला वैद्यकापेक्षा संस्कृतीचा इतिहास, पुराणकथा, धर्माचे मानसशास्त्र व साहित्य यांचे ज्ञान अधिक उपयोगी पडेल, असे त्यांचे मत होते. एक सवलत मात्र त्यांनी वैद्यांना निःसंदिग्धपणे दिली : रुग्णाच्या तक्रारीमागे शारीरिक व्याधी नाही ना, याचा निर्णय आधी वैद्यानेच केला पाहिजे. ही अट आजही योग्य मानली जाते. थायरॉइड ग्रंथीचा विकार किंवा मेंदूतील गाठ खिन्नतेच्या रूपाने प्रकट होऊ शकते, आणि तेथे संभाषणात घालविलेला काळ घातक ठरतो.

फ्रॉइड यांचा युक्तिवाद त्यांच्या अमेरिकन अनुयायांनाच पटला नाही. बनावट पदव्यांचा सुळसुळाट झालेल्या देशात वैद्यकाशी जोडलेली प्रतिष्ठा त्यांना सोडावयाची नव्हती. त्यात अर्थकारणही होतेच. १९३८ मध्ये अमेरिकन मनोविश्लेषण संघटनेने प्रशिक्षणाचे दार वैद्यांपुरते मर्यादित केले. त्याच वर्षी नाझींपासून बचाव करीत राइक न्यूयॉर्कला पोहोचले. वैद्य नसल्यामुळे तेथील संस्थेने त्यांना पूर्ण सभासदत्व नाकारले. त्यांनी १९४८ मध्ये स्वतःची संस्था काढली. युरोपात मात्र फ्रॉइड यांची कन्या अ‍ॅना ही शाळाशिक्षिका आणि विद्यापीठाची पदवी नसलेल्या मेलनी क्लाइन या दोघींनी बालकांच्या विश्लेषणाचा पाया घातला. अमेरिकेतील बंदी उठण्यास १९८५ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी केलेला मक्तेदारीविरोधी दावा कारणीभूत झाला. त्या दशकाच्या अखेरीस तडजोड होऊन मानसशास्त्रज्ञांना प्रवेश मिळाला.

कार्ल रॉजर्स : मनोविश्लेषणाच्या बंद दारावर धडका न देता मानसशास्त्रज्ञाला स्वतंत्र उपचारपद्धती देण्याचे कार्य कार्ल रॉजर्स (१९०२–८७) यांनी केले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे निराधार व उपेक्षित मुलांच्या संस्थेत त्यांनी १९२८ पासून बारा वर्षे काम केले. तेथे बालमार्गदर्शन केंद्र स्थापन होताना त्याचा प्रमुख मनोविकारतज्ज्ञच असावा, असा आग्रह धरण्यात आला. बऱ्याच झगड्यानंतर रॉजर्स यांची नियुक्ती झाली. मुलांना व मातांना सल्ला देताना त्यांना अनुभव आला, की आपले निदान कितीही अचूक असले तरी ते ऐकवून फारसे काही घडत नाही. दुखणे कोठे आहे व कोणत्या वाटेने जावयाचे हे बहुधा त्या व्यक्तीलाच ठाऊक असते.

समुपदेशन व मानसोपचार या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४२ मध्ये आणि सल्लार्थिकेंद्रित उपचारावरील ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘रुग्ण’ या शब्दाऐवजी त्यांनी वकील वा सल्लागार यांच्या व्यवहारातील शब्द योजिला. मराठीत वकिलाचा तो ‘अशील’. मानसोपचारविषयक लेखनात त्यासाठी ‘सल्लार्थी’ ही संज्ञा वापरली जाते. हा केवळ शब्दबदल नव्हता. रुग्ण हा उपचार करून घेतो, सल्लार्थी निर्णय स्वतःकडे राखतो, अशी त्यामागील भूमिका होती. उपचारकाने उपदेश करू नये, अर्थ लावून दाखवू नये, प्रश्नांची सरबत्ती करू नये. सल्लार्थी जे सांगतो त्यातील भावना नेमकी ओळखून ती त्याला परत बोलून दाखवावी, असे त्यांनी सुचविले. उदा., ‘घरी कोणी माझे ऐकतच नाही’ असे म्हणणाऱ्या गृहिणीला ‘तुम्ही शांतपणे बोलून पाहा’ असा सल्ला न देता, ‘इतकी वर्षे राबूनही आपण त्या घरात नगण्य आहोत असे तुम्हांला वाटते’ असे म्हटले, तर ती पुढे बोलू लागते व बोलताबोलता स्वतःच्या मनाचा शोध घेते. १९५७ च्या एका लेखात रॉजर्स यांनी उपचारकाच्या ठायी तीन गुण आवश्यक मानले : दुसऱ्याच्या भूमिकेत शिरून जाणण्याची सहानुभूती, विनाअट स्वीकार आणि आतबाहेर एकरूप असणारा प्रामाणिकपणा.

रॉजर्स यांचे याहूनही टिकाऊ कार्य तांत्रिक स्वरूपाचे आहे. १९४० नंतर ओहायओ राज्य विद्यापीठात त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी सल्लार्थीच्या संमतीने संपूर्ण मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. ध्वनिफिती नसल्यामुळे दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. १९४२ च्या ग्रंथात एका सल्लार्थीच्या आठ भेटींचा शब्दशः वृत्तांत दिलेला आहे. तोवर बंद दाराआड काय घडते याचा पुरावा म्हणजे उपचारकाची स्वतःची आठवण, आणि आपले यश आठविण्यात मनुष्य सहसा चुकत नाही. मुद्रणे ऐकू लागल्यावर विद्यार्थ्यांना आपले दोष कळू लागले. मार्गदर्शनाची सूत्रे स्वतःकडे ठेवणारे समुपदेशक इतरांपेक्षा जवळजवळ सहापट शब्द बोलतात, असे एका तुलनेत दिसून आले.

युद्ध आणि शासन : दुसऱ्या महायुद्धाहून मनाने खचून परतलेल्या सैनिकांची संख्या एवढी मोठी होती, की मनोविकारतज्ज्ञ पुरे पडणे अशक्य झाले. अमेरिकेच्या माजी सैनिक प्रशासनाने १९४६ पासून मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणास मोठ्या प्रमाणावर अर्थसाहाय्य दिले. १९४९ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा संशोधक व उपचारक असा दुहेरी शिक्षण घेतलेला असावा, असे ठरविले. व्यवसायाच्या नियमनाचा कायदा प्रथम कनेक्टिकट राज्याने १९४५ मध्ये केला व १९७७ पर्यंत तो सर्व राज्यांत झाला. सैद्धांतिक वादाने जे साधले नव्हते ते मनुष्यबळाच्या टंचाईने साधले.

आयसेंक यांचा आक्षेप : अधिकाराचा प्रश्न सुटत असतानाच दुसरा प्रश्न उभा राहिला. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक (१९१६–९७) यांनी १९५२ मध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र केल्या. सौम्य मनोविकृतीचे सु. दोनतृतीयांश रुग्ण कोणत्याही खास मानसोपचारावाचून दोन वर्षांत सुधारतात, आणि मनोविश्लेषणाने सुधारलेल्यांचे प्रमाण त्याहून कमी, ४४ टक्केच, भरते, असा हिशेब त्यांनी मांडला. हा हिशेब सदोष होता. तुलनेचे गट सारखे नव्हते. अर्धवट उपचार सोडणाऱ्यांची गणना अपयशात केलेली होती. परंतु आक्षेप रास्त होता. उपचार न घेतलेल्या समान गटाशी तुलना केल्यावाचून गुण आल्याचे सांगू नये, हा दंडक त्यानंतरच रूढ झाला. आयसेंक यांच्याच आयुष्याच्या उत्तरार्धातील, व्यक्तिमत्त्व व कर्करोग यांविषयीचे अनेक शोधनिबंध भरवशाचे नाहीत, असा निर्णय लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१९ मध्ये दिला. इतरांकडे पुरावा मागणाऱ्यावर ही वेळ यावी, हा एक दैवदुर्विलासच होय.

वर्तनोपचार : आयसेंक यांनी ज्या पद्धतीचा पुरस्कार केला, तिची बीजे मेरी कव्हर जोन्स यांच्या १९२४ च्या प्रयोगात आहेत. सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकास खाऊ खाताना ससा प्रथम दूरवर दाखविण्यात आला व रोज थोडाथोडा जवळ आणण्यात आला. अखेर पीटर सशाशी खेळू लागला. दक्षिण आफ्रिकेतील योसेफ वोल्पे (१९१५–९७) यांनी १९५८ मधील ग्रंथात या तत्त्वास पद्धतशीर रूप दिले. रुग्णास आधी स्नायू शिथिल करण्यास शिकवावयाचे, त्याच्या भीतीच्या प्रसंगांची चढती शिडी तयार करावयाची आणि शिथिल अवस्थेत एकेक पायरी कल्पनेने चढवावयाची. उंचीला भिणाऱ्याच्या शिडीत पहिली पायरी पहिल्या मजल्यावरची खिडकी असेल, तर शेवटची कठडा नसलेली गच्ची. भीती व शैथिल्य एकाच वेळी नांदू शकत नाहीत, हे त्यामागील तत्त्व होय. हा उपचार काही महिन्यांत संपे, त्याचे फळ मोजता येई, आणि त्याची शास्त्रीय बैठक मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतील होती. त्यामुळे मानसशास्त्रज्ञांनी तो उत्साहाने स्वीकारला.

त्याच साधनांचा दुरुपयोगही झाला. समलिंगी आकर्षण हा विकार समजून विजेचे धक्के व ओकारीची औषधे यांनी ते ‘बदलण्याचे’ प्रयोग १९६० व १९७० च्या दशकांत अनेक चिकित्सालयांत करण्यात आले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीतून वगळले. भारतात अशा ‘रूपांतर उपचारा’स राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरविले, तेही मद्रास उच्च न्यायालयाच्या निदेशानंतर. उपचारार्थी स्वतः मागतो म्हणून उपचार योग्य ठरत नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले. समाजाने लादलेली लाज घेऊनच तो आलेला असतो.

विचारांवर आधारित उपचार : मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी मनोविश्लेषणाचा व्यवसाय सोडून १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना आपल्याला दुःखी करीत नाही, तिच्याविषयीचा आपला अविवेकी ग्रह दुःखी करतो, हे तिचे सूत्र. परीक्षेत अपयश येणे ही घटना. ‘मला यश मिळालेच पाहिजे, नाही तर माझी किंमत शून्य’ हा ग्रह. आणि खिन्नता हा परिणाम. उपचारक वाद घालून त्या ग्रहातील ‘च’ काढून टाकण्यास शिकवितो. खंत राहते, परंतु ती माणसाला लोळवीत नाही. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून या पद्धतीचा अभ्यास केला आणि तिचे प्रशिक्षण भारतात रुजविले. मराठी वाचकांना विवेकनिष्ठ विचारसरणीचा परिचय मुख्यतः त्यांच्या व त्यांच्या शिष्यवर्गाच्या द्वारा झाला. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ एरन बेक (१९२१–२०२१) यांची पद्धती एलिस यांच्या पद्धतीला समांतर, परंतु अधिक सौम्य आहे. ‘माझ्या हातून काहीच होत नाही’ हा विचार खोडून न काढता ते तो एक अंदाज म्हणून कागदावर लिहावयास लावीत आणि आठवडाभर त्याचा पडताळा घेण्याचे काम रुग्णावर सोपवीत. खिन्नतेवरील औषधाशी या पद्धतीची तुलना करणारी चाचणी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली व ती औषधाच्या तोडीस उतरली.

त्याच वर्षी मेरी ली स्मिथ व जीन ग्लास यांनी आयसेंक यांना संख्याशास्त्रानेच उत्तर दिले. ३७५ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण करून, उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के व्यक्तींहून सुस्थितीत असते, असे त्यांनी दाखविले. निरनिराळ्या पद्धतींच्या फलांत मात्र त्यांना फारसे अंतर आढळले नाही. हे निरीक्षण सर्वच संप्रदायांना गैरसोयीचे होते. उपचारक व सल्लार्थी यांच्यातील नाते हाच सर्वांत समान असलेला गुणकारी घटक, असा त्याचा अर्थ काहींनी लावला. तीव्र भयगंड, मंत्रचळ यांसारख्या विकारांवर वर्तनोपचारच सरस ठरतो, असे इतरांनी साधार दाखविले. हा वाद मिटलेला नाही.

भारत : भारतात मानसोपचाराचा आरंभ कलकत्त्यात झाला. वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ असलेले गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता व मतभेदही होते. संस्थेच्या आद्य सभासदांत महाविद्यालयांतील मानसशास्त्राचे व तत्त्वज्ञानाचे बरेच अध्यापक होते. ज्या वादाने व्हिएन्ना व न्यूयॉर्क येथे फूट पाडली तो कलकत्त्यात तेवढा तीव्र झाला नाही. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने (पुढे टाटा समाजविज्ञान संस्था) १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढले. बंगलोर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली व पुढील वर्षी तेथे मानसशास्त्रज्ञांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९७४ पासून ही संस्था ‘निमहान्स’ या नावाने ओळखली जाते. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व स्वयंसेवक यांना एका छपराखाली आणले.

पाश्चात्त्य पद्धती भारतीय कुटुंबास जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हे लवकरच ध्यानात आले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहावयास सांगितले व त्यांना उपचारात सामील करून घेतले. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये उपचारक व रुग्ण यांच्या संबंधास गुरू-शिष्य नात्याचे प्रतिमान सुचविले. येथील रुग्ण उपचारकाकडे वडीलधाऱ्याच्या नात्याने पाहतो, त्याला ‘तुम्हीच सांगा काय करू’ असे विचारतो. त्याला रॉजर्स यांच्या रीतीने प्रश्न परत केला तर तो गोंधळतो, हा त्यामागील अनुभव होता. या प्रतिमानात धोकाही उघड आहे. गुरूला प्रश्न विचारण्याची रीत नसल्याने उपचारकाच्या चुकाही झाकल्या जातात.

कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी आवश्यक झाली आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनोविकारतज्ज्ञाबरोबर त्यासही मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले. संख्येचा प्रश्न मात्र कायम राहिला. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के पीडितांना कोणताही उपचार मिळत नसल्याचे आढळले.

गोव्यातील चाचणी : या अवस्थेत अधिकाराचा जुना प्रश्न नव्या रूपाने गोव्यात पुढे आला. तेथील ‘संगत’ ही संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राचे शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांना निवडून समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. मध्यम ते तीव्र खिन्नता असलेल्या ४९५ व्यक्तींची दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून निवड करून चिठ्ठीपद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटास सुधारित नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली. दुसऱ्यास तिच्या जोडीला सहा ते आठ भेटींचा संभाषणोपचार. त्याचा गाभा साधा होता. खिन्न मनुष्य हालचाल सोडतो, त्यामुळे समाधानाचे प्रसंग आटतात, आणि त्याने खिन्नता आणखी वाढते. समुपदेशक त्याच्याबरोबर बसून, शेजारणीकडे जाणे, बागेला पाणी घालणे, थकलेला हप्ता कसा फेडावयाचा ते लिहून काढणे, अशी छोटी कामे ठरवितो व पुढील भेटीत त्यांचा आढावा घेतो. तीन महिन्यांनंतर संभाषणोपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के व्यक्ती खिन्नतेतून बाहेर आल्या होत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरही लाभ बराचसा टिकून असल्याचे पुढील पाहणीत दिसले.

या समुपदेशकांना मोकळे सोडलेले नव्हते. त्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित केल्या जात. सहकारी एकत्र बसून त्या ऐकत, ठरलेल्या पत्रकावर एकमेकांना गुण देत, आणि मानसोपचारातील तज्ज्ञ त्या गुणांची पडताळणी करीत. आत्महत्येचा संभव दिसल्यास तज्ज्ञांची मदत घेण्याची व्यवस्था होती. २०१७ च्या अधिनियमातील व्यावसायिकांच्या व्याख्येत या कार्यकर्त्यांचा समावेश नाही.